हाफ-ऑर्क सरदार खलनायक असा उभा करा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती गोष्ट रचत खेळायच्या खेळात हाफ-ऑर्क (अर्धा माणूस, अर्धा ऑर्क या कल्पित दांडग्या जमातीचा) खलनायक म्हटला की खेळाडू कुऱ्हाडीची आणि डरकाळीची वाट बघत बसतात. खेळ चालवणारे तुम्ही, त्याच्या हातात वंशावळ द्या. खेळाच्या २०१४ च्या नियमांत नोबल, म्हणजे सरदार घराण्याची पार्श्वभूमी असलेल्या पात्राला उंची कपडे आणि मोहरेची अंगठी मिळते, सोबत वंशावळीची गुंडाळीही. ती गुंडाळी सामानाच्या यादीत लिहून सगळे विसरतात. मी खलनायक तिथूनच सुरू करते.

आधी ठरवा, याची गादी कोण मानत नाही? बेळगावच्या पोरांना हे फार समजवावं लागत नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा दत्तक वारस कंपनी सरकारनं नाकारला आणि १८२४ साली लढाई पेटली, हे इथं सगळ्यांना ठाऊक असतं.

माझा खलनायक वोरगाश सरदाराचा मुलगा, आई ऑर्क. त्याच्या वंशावळीत एक ओळ खरवडून पुन्हा लिहिलेली आहे, आणि ती लिहिणारा कारकून अजून जिवंत आहे. ती ओळ उघडी पडेल, या भीतीतूनच वोरगाशचा सगळा दुष्टपणा येऊ दे. कारकुनाच्या गावावर तो थकबाकी दाखवतो, जमिनी जप्त करतो, जन्मनोंदी ठेवणारं देऊळ जाळतो. ऑर्क रक्त हे दुष्टपणाचं कारण कधीच करू नका. आणि ऑर्क भाषा म्हणून कुठलीही खरी भाषा बोलू नका. आमच्या सीमाभागात तर मुळीच नको. एकाच टेबलावर मराठी आणि कन्नड, दोन्ही घरची पोरं बसतात.

पहिली भेट जेवणावळीत घ्या. वोरगाश एकेक दिवा विझवायला सांगतो. हाफ-ऑर्क असल्यानं त्याला अंधारात साठ फुटांपर्यंत दिसतं, माणूस पाहुण्यांना समोरचं ताटही दिसत नाही. त्या काळोखात तो हळू आवाजात पाहुण्यांच्या पोराबाळांची चौकशी करतो, आणि मधेच लाखेवर अंगठी दाबल्याचा आवाज येतो. कुणाचं तरी घर गेलं. धमकी एकही नाही.

लढाईच्या आकड्यांसाठी पुस्तकातलं नोबल हे तयार पात्र घेऊ नका, त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) जेमतेम ९. नाइट हा योद्धा घ्या: ५२ हिट पॉइंट, आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड, तो आकडा) १८. त्यावर हाफ-ऑर्कचे गुण चढवा. त्यातला रिलेंटलेस एन्ड्युरन्स सोन्यासारखा आहे: शून्यावर येताना तो एकदा १ वर टिकतो. तिथं त्याला लढवत ठेवू नका. तलवार टाकून त्यानं राजासमोर न्याय मागावा. सरदाराचा तो हक्कच आहे. आता खेळाडूंना त्याला मारायचं की दरबारात न्यायचं, हे आपसात भांडून ठरवावं लागतं. दरबारात साक्ष देणारा एकच माणूस आहे, म्हणून तोवर कारकुनाला मरू देऊ नका.