इम्युनॉलॉजीत पोस्टडॉक शोधताय? मग या चुका टाळा

२०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना पेरिफेरल इम्यून टॉलरन्सच्या (इम्युनिटीने आपल्याच शरीरावर न उलटण्याच्या) कामासाठी मिळालं आणि तेव्हापासून मला ज्युनिअर पोरापोरींचे मेसेज वाढलेत, "ताई, टी-रेगवर पोस्टडॉक करायचंय, कुठे अप्लाय करू?" (टी-रेग म्हणजे इम्युनिटीला आवर घालणाऱ्या टी सेल्स, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी.) हे मेसेज वाचून खरंच बरं वाटतं, कारण आपल्या शरीराची इम्युनिटी आपल्यावरच का उलटत नाही हा प्रश्न मला आजही तितकाच भारी वाटतो. पण सीव्ही आणि मेल उघडले की त्याच त्याच चुका दिसतात, त्यातल्या काही मीही केल्यात, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय.

सगळ्यांना एकच मेल

"रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब." हा मेल चाळीस जणांना जातो, त्यातल्या कितीतरी पीआय (लॅबप्रमुख) बाई असतात, आणि खाली पाच अटॅचमेंट. असा मेल कुणी पूर्ण वाचत नाही. मी स्वतः एकदा घाईत कॉपी-पेस्ट करताना दुसऱ्याच लॅबच्या पेपरचं नाव तसंच ठेवलं होतं, उत्तर आलं नाही आणि ती लॅब माझ्या यादीत सगळ्यात वर होती, अजून हळहळ वाटते.

मेल पाच-सात ओळींचा पुरे. त्यांचा एक पेपर नीट वाचा, अगदी सप्लिमेंटरी फिगर्ससकट, आणि त्यातून तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा. समजा त्यांनी आतड्यातल्या टी-रेगवर काम केलंय आणि तुमची पीएचडी मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या पेशींवर) आहे, तर "इन्फेक्शन ओसरल्यावर मॅक्रोफेजचे सिग्नल बदलतात, मग तिथल्या टी-रेगमधलं फॉक्सपी३ टिकतं का, हे मला तुमच्याकडे तपासायचंय" (फॉक्सपी३ म्हणजे टी-रेगचा मुख्य जीन आणि त्याचं प्रोटीन) हे एवढं वाक्य तुमच्या बारा टेक्निक्सच्या यादीपेक्षा जास्त काम करतं. त्यानंतर तुमचं पीएचडीचं काम दोन ओळीत, कधीपासून येऊ शकता ते, आणि एकच पीडीएफ. दहा-बारा दिवसात उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, जमलं तर सोबत काहीतरी नवीन द्या, प्रीप्रिंट (छापून यायच्या आधीचा पेपर) वगैरे. तरीही शांतता असेल तर सोडून द्या, पुढची लॅब.

लाट बघून विषय निवडणं

साकागुचींनी १९९५ मध्ये सीडी२५ (सेलवरचं एक प्रोटीन) असलेल्या टी सेल्स इम्युनिटीला आवर घालतात हे दाखवलं तेव्हा "सप्रेसर टी सेल" हा विषय जवळपास बदनाम झालेला होता, लोक त्यातून बाहेर पडत होते आणि हा माणूस चिकटून राहिला. म्हणजे आज जे नोबेलचं काम आहे ते तेव्हा फॅशनमध्ये अजिबात नव्हतं! आणि ब्रंकाव-रॅम्सडेल जोडीने २००१ मध्ये स्कर्फी (जन्मतःच इम्युनिटी स्वतःवर उलटणाऱ्या) उंदरातला जीनचा दोष शोधला, तोच फॉक्सपी३ जीन मुलग्यांमधल्या आयपेक्स नावाच्या गंभीर आजारामागे आहे हे दाखवलं, तेही युनिव्हर्सिटीत बसून नाही, वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल गावी एका बायोटेक कंपनीत. त्यामुळे "इंडस्ट्रीतली पोस्टडॉक म्हणजे सायन्स सोडलं" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

लॅब निवडताना मोठं नाव बघता तेवढंच तिथून बाहेर पडलेले लोक आज कुठे आहेत तेही बघा. आणि पैसा बघा, यात लाजायचं काय! अमेरिकेतल्या लॅबची एनआयएच (तिकडची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था) ग्रँट कधी संपते हे एनआयएच रिपोर्टर या साइटवर कुणालाही दिसतं. २०२५ मध्ये तिकडे बऱ्याच ग्रँट्स मध्येच थांबल्या, म्हणून "माझा पगार कुठल्या ग्रँटमधून आणि किती वर्षं" हे इंटरव्ह्यूत सरळ विचारा.

एलिजिबिलिटी शेवटच्या आठवड्यात वाचणं

यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. एनआयएचची एफ३२ ही पोस्टडॉक फेलोशिप फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी आहे, तरी दरवर्षी कुणीतरी त्याचं प्रपोजल लिहीत बसलेलं असतं. एनआयएचच्याच के९९ ग्रँटला मात्र परदेशी पोस्टडॉकनाही अप्लाय करता येतं, फक्त पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांच्या आत हवा. युरोपातल्या एम्बो फेलोशिपला पीएचडी होऊन दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपच्या पोस्टडॉक गटाला चार वर्षं. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये डेडलाइनच्या आधीच्या ३६ महिन्यात, जिथे जायचंय त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही, म्हणजे जर्मनीत आधी जाऊन दीड वर्ष काम केलं आणि मग जर्मनीसाठीच मारी क्युरी भरायचं ठरवलं तर दार बंद.

आणि पीएचडीची तारीख म्हणजे नक्की कुठली? आपल्याकडे व्हायवा एका महिन्यात, नोटिफिकेशन नंतर कधीतरी, कॉन्व्होकेशन त्याहून पुढे. घड्याळ कुठल्या तारखेपासून चालू होतं ते फेलोशिप ऑफिसला मेल करून लेखी घ्या आणि तो मेल जपून ठेवा.

हे सगळं धरलं तर थीसिस सबमिट करायच्या वर्षभर आधी सुरुवात हवी. रेफरन्स लेटरसाठी गाइडना किमान महिनाभर आधी सांगा, सोबत तुमचा सीव्ही, प्रोजेक्टचा सारांश आणि डेडलाइन एकाच मेलमध्ये द्या. आपल्याकडे सरांना परत आठवण करायला संकोच वाटतो, पण करा, लेटर वेळेत नाही पोचलं तर अर्ज बाद.

इंटरव्ह्यूत शब्द ढिले वापरणं

टॉलरन्स आणि इम्युनोसप्रेशन एकच समजून बोलणारे खूप भेटतात. स्टेरॉइड सगळ्या इम्युनिटीलाच दाबतं. टॉलरन्स म्हणजे ठराविक अँटिजेनला (इम्युनिटी ओळखते त्या घटकाला) शरीराने प्रतिसाद न देणं, बाकी बचाव शाबूत ठेवून. १९५३ मध्ये पीटर मेडावार या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी जन्माआधी परक्या पेशी मिळालेल्या उंदरांनी मोठेपणी त्याच स्ट्रेनची (वंशाची) कातडी स्वीकारली हे दाखवलं, पण दुसऱ्या स्ट्रेनची कातडी ते नाकारतच होते, आणि सगळी मेख तिथेच आहे.

दुसरं, "फॉक्सपी३ पॉझिटिव्ह म्हणजे टी-रेग." उंदरात बऱ्यापैकी चालतं, माणसात नाही, कारण माणसाच्या साध्या टी सेल्सही ॲक्टिव्हेट झाल्या की थोडा वेळ फॉक्सपी३ दाखवतात. शिवाय फॉक्सपी३ न्यूक्लियसमध्ये असतं, स्टेन करायला सेल्स फिक्स कराव्या लागतात, म्हणजे त्या जिवंत उरत नाहीत, मग सप्रेशन ॲसे (त्या दुसऱ्या सेल्सना आवरतात का याची चाचणी) कशावर करणार? म्हणून माणसाच्या सेल्स सॉर्ट करताना (मशिनने वेगळ्या काढताना) सीडी२५ जास्त आणि सीडी१२७ कमी असं गेट (कुठल्या सेल्स घ्यायच्या त्याची सीमा) लावतात. हे कुणी विचारलं आणि तुम्ही अडखळलात तर पुढचं प्रेझेंटेशन कितीही सुंदर असो, फरक पडत नाही.

माझ्या एका इंटरव्ह्यूत सीडी२५ चा प्लॉट स्क्रीनवर होता. सीडी४ सेल्समध्ये सीडी२५ चे दोन वेगळे गठ्ठे दिसत नाहीत, कमी ते जास्त असा सलग पट्टा असतो. पीआयनी कर्सर माझ्या गेटच्या डाव्या कडेवर नेऊन ठेवला आणि विचारलं, ही रेघ इथेच का? मी म्हणाले, आमच्या लॅबमध्ये अशीच काढतात. दोन सेकंद शांतता आणि मग "नेक्स्ट स्लाइड प्लीज". एफएमओ कंट्रोल (एक रंग सोडून बाकी सगळे लावलेला नमुना, त्यावरून रेघ ठरते) केला होता, पण स्लाइडवर नव्हता आणि माझ्या तोंडातही आला नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, प्रत्येक गेटचं कारण पाठ नाही, समजलेलं हवं, आणि मेलेल्या सेल्स वगळायचा डाय वापरला होता का तेही.

भारतातली पोस्टडॉक म्हणजे नाइलाज, असं धरून चालणं

हे मला अजिबात पटत नाही. पुण्यात एनसीसीएस (पेशीविज्ञान संस्था) आणि आयसर, खारघरला ॲक्ट्रेक (कॅन्सर संशोधन), दिल्लीत एनआयआय (इम्युनॉलॉजीची संस्था), आणि परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच (रक्त आणि इम्युनिटीच्या आजारांची संस्था), जिथे इम्युनिटीचे जन्मजात आजार असलेली मुलं तपासणीसाठी येतात. टॉलरन्स बिघडला की माणसाचं काय होतं हे समजून घ्यायला असे पेशंट लागतात आणि ते आपल्याकडे आहेत. नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते, वयाची अट ३५ आहे आणि काही गटांना सवलत मिळते, त्यामुळे परदेशाची वाट बघत हा पर्याय हातचा घालवू नका. इंडिया अलायन्स या फेलोशिप देणाऱ्या संस्थेच्या कॉल्सवरही लक्ष ठेवा.

ऑफर आल्यावर घाईत हो म्हणणं

व्हिसाचे नियम बघा, उदाहरणार्थ अमेरिकेत जे-१ (एक्सचेंज व्हिसा) रिसर्च स्कॉलर म्हणून जास्तीत जास्त ५ वर्षं, आणि तो प्रोग्राम संपला की त्याच कॅटेगरीत परत यायला २४ महिने थांबावं लागतं, म्हणजे चार महिन्यांची छोटी ट्रिप याच कॅटेगरीत करून आलात तर मोठी संधी अडकू शकते. मग सध्याच्या पोस्टडॉकशी पीआय नसताना फोनवर बोला. उंदरांची कॉलनी कोण सांभाळतं, सेल सॉर्टर मशिनचा स्लॉट किती दिवसांनी मिळतो, पेपरला सरासरी किती वर्षं लागतात, आणि लॅब सोडताना प्रोजेक्टचा काही भाग बरोबर नेता येतो का. शेवटच्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला, तर सही करायच्या आधी तोच प्रश्न पीआयना मेलवर विचारा.