मी स्ट्रायकरचा लेफ्ट बॅक कसा झालो

वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत कुणी विचारलं, "फुटबॉलमध्ये तू कुठे खेळतोस?" की मी एका दमात सांगायचो, "स्ट्रायकर." म्हणजे सगळ्यात पुढे राहून गोल करणारा. त्यामागे कारण एकच होतं. आठव्या-नवव्या वर्षी मी बाकीच्या पोरांपेक्षा जोरात पळायचो. बॉल पुढे मारायचा, त्याच्या मागे सुटायचं आणि गोलकीपर पुढे आला की बाजूने ढकलून द्यायचा. गोल व्हायचे, आणि गोल होत असले की या मुलाची जागा बरोबर आहे का, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही.

माझा जन्म जानेवारीतला. आमच्या वयोगटाची तारीख १ जानेवारीपासून मोजली जायची, म्हणजे डिसेंबरात जन्मलेल्या मुलापेक्षा मी जवळजवळ वर्षाने मोठा. नऊ वर्षांच्या पोरांमध्ये एक वर्ष म्हणजे फार मोठी गोष्ट. माझा वेग, माझे गोल, माझी 'स्ट्रायकर' ही ओळख, यातलं बरंचसं त्या एका वर्षाने मला दिलं होतं. अनेक देशांच्या ज्युनिअर संघांमध्ये वयोगटाच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त दिसतात, त्याचं कारण हेच. हे मला तेव्हा कळलं असतं तर पुढची दोन वर्षं इतकी कडू गेली नसती.

कारण चौदाव्या वर्षी बाकीचे सगळे वाढले. ज्यांना मी सहज मागे टाकायचो ते सेंटर बॅक (मधले बचावपटू) आता माझ्याहून वीतभर उंच होते आणि वेगातही बरोबरीचे. गोल आटले. मला वाटलं, मेहनत कमी पडतेय. संध्याकाळी एकटा मैदानावर जाऊन धावायचो. एका निवड चाचणीच्या फॉर्मवर पोझिशनच्या रकान्यात फक्त 'स्ट्रायकर' लिहिलं. वीस मिनिटांत माझ्याकडे चार वेळा बॉल आला, चारही वेळा माझी पाठ गोलकडे होती आणि चारही वेळा तो गेला. मला बाहेर काढलं. (तुम्ही चाचणीला जाल तेव्हा रकान्यात दोन जागा लिहा. एवढं तरी माझ्यावरून शिका.)

मग एका सामन्यात आमच्या लेफ्ट बॅकचा, म्हणजे डावीकडच्या बचावपटूचा, घोटा मुरगळला. सरांनी बाकावर नजर फिरवली आणि म्हणाले, "तुझा डावा पाय आहे ना? जा." मला ती शिक्षा वाटली. खरं सांगतो, मैदानात शिरताना डोळ्यांत पाणी होतं.

पहिल्या दहा मिनिटांत एक गोष्ट जाणवली. इथून सगळं समोर दिसत होतं. स्ट्रायकर असताना बॉल आपल्या बाजूने येतो आणि धोका पाठीमागून, म्हणून सतत मान वळवावी लागते. मला ते कधीच नीट जमलं नव्हतं. बॅकला मात्र मैदान पुस्तकासारखं पुढ्यात उघडं असतं. समोरचा विंगर (कडेने चढाई करणारा) कधी आत वळणार हे मला आधीच कळत होतं, कारण त्याच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. तीन-चार पास मी मध्येच तोडले. आणि दुसऱ्या हाफमध्ये बॉल घेऊन सुटलो तेव्हा समोर तीसेक मीटर मोकळं मैदान होतं. वेग तोच होता. पण पुढे खेळताना त्या वेगाला पळायला जागाच मिळत नव्हती, ती मागून सुरुवात केल्यावर मिळाली.

असा बदल मोठ्यांच्या खेळातही होतो, आणि तो कुठल्याही दिशेने होऊ शकतो. अल्फान्सो डेव्हिस विंगर म्हणून बायर्न म्युनिक या जर्मन क्लबकडे आला. २०१९ मध्ये संघातले बचावपटू दुखापतींमुळे बाहेर गेले तेव्हा त्याला लेफ्ट बॅकला उतरवलं, आणि २०२० मध्ये चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकणाऱ्या संघात तो त्याच जागेवर होता. गॅरेथ बेल उलट्या वाटेने गेला, लेफ्ट बॅक म्हणून सुरुवात करून पुढे विंगर झाला. थिएरी ऑन्री युव्हेंटस या इटालियन क्लबमध्ये कडेने खेळायचा. १९९९ मध्ये आर्सेनल या इंग्लिश क्लबकडे आल्यावर प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्याला मध्ये, सगळ्यात पुढे आणलं. सुरुवातीचे बरेच सामने त्याला गोल मिळाला नाही. शेवटी त्याच क्लबसाठी त्याचे २२८ गोल झाले. नवी जागा दोन सामन्यांत जमली नाही म्हणून टाकून देऊ नका, असं मी मुलांना सांगतो तेव्हा ऑन्रीचे ते पहिले सामने माझ्या डोळ्यांसमोर असतात.

आता मुद्द्याचं बोलतो. जागा शोधायची कशी?

एक साधा हिशोब करा. सामना ९० मिनिटांचा, मैदानावर २२ खेळाडू. बॉल एकदाही बाहेर गेला नाही आणि प्रत्येक क्षणी कुणाच्या तरी पायाशी असला, तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम चार मिनिटं येतात. प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणजे ८५ मिनिटांहून जास्त वेळ तुम्ही बॉलशिवाय खेळता. आणि मुलं स्वतःला जोखतात ती मात्र उरलेल्या दोन-तीन मिनिटांवरून: माझं ड्रिबलिंग छान आहे, माझी किक जोरात आहे. तुमची जागा बॉलशिवायच्या वेळात शोधायला हवी.

लेफ्ट बॅक झाल्यावर मी एक वही केली. प्रत्येक सामन्यानंतर तीनच गोष्टी लिहायच्या. बॉल मला सगळ्यात जास्त वेळा मैदानाच्या कुठल्या भागात मिळाला? मिळाला तेव्हा माझं तोंड कुठल्या गोलकडे होतं? आणि आमच्याकडून बॉल गेला त्या क्षणी माझं पहिलं पाऊल कुठे पडलं? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. काहींचं पाऊल आपोआप बॉलकडे पडतं, हिसकावून घ्यायला. काहींचं मागे, मोकळी जागा झाकायला. काही जण एका जागी उभे राहतात, पण डोळ्यांनी पुढची फट शोधत असतात. हे पाऊल कुणी शिकवलेलं नसतं, ते विचाराच्या आधी पडतं. दहा-बारा सामन्यांच्या नोंदी झाल्या की त्यात एक सवय दिसायला लागते. माझी वही सांगत होती की मी नेहमी मागे वळतो आणि डावीकडे वळतो. स्ट्रायकर असतानाही तेच करत होतो, फक्त त्याबद्दल ओरडा खात होतो.

कुठल्या जागेला काय लागतं, हे थोडक्यात. सेंटर बॅकला संयम आणि आवाज लागतो. जो सामनाभर बोलत राहतो आणि उगाच टॅकलमध्ये उडी घेत नाही, तो तिथे शोभतो. विंगरला बॉल गमावण्याची भीती नसावी: दोनदा अडवला तरी तिसऱ्यांदा त्याच बॅकवर चालून जायचं. मिडफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याची, परीक्षा बॉल येण्याआधी होते. नॉर्वेचे संशोधक गेइर यॉर्डेट यांनी खेळाडूंचं चित्रण करून हेच पाहिलं, की बॉल येण्याआधी कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतं. तुमची ती सवय आहे का, हे मित्राला मोबाइलवर फक्त तुमचं पाच मिनिटं शूटिंग करायला सांगून तपासा. बघताना बरंच काही कळतं. आणि गोलकीपरची जागा खेळता न येणाऱ्या मुलाला देऊन टाकण्याची रीत कृपा करून थांबवा. १९९२ पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही. त्यामुळे त्याचे पायही इतरांइतकेच तयार लागतात.

शरीराबद्दल घाई नको. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. त्या दिवसांत पाय स्वतःचे वाटत नाहीत, नेहमीचा फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्या स्पर्शात ताब्यात घेणंसुद्धा, फसतो. त्याआधी 'हा बुटका, याला विंगला घाला' असं ठरवणं अन्याय आहे. बारा-तेरा वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाने प्रत्येक जागा खेळावी, गोलकीपरचीसुद्धा. पाच किंवा सात जणांच्या लहान मैदानावर तर हे आपोआप होतं, कारण तिथे सगळ्यांनाच चढाईही करावी लागते आणि बचावही.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. जागा एकट्या तुमच्यात नसते, संघातही असते. आंद्रेआ पिर्लो तरुणपणी स्ट्रायकरच्या मागे खेळायचा. २००१ मध्ये तो इटलीतल्याच ब्रेशिया क्लबकडे उसना गेला तेव्हा ती जागा रोबेर्तो बाजिओची होती. प्रशिक्षक कार्लो माझोने यांनी पिर्लोला खूप मागे, बचावफळीच्या पुढ्यात खेळवलं. तिथून लांब पास टाकत तो २००६ चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या इटलीचा कणा झाला. म्हणून तुमच्या जागेवर तुमच्याहून चांगला कुणी असेल तर रुसून बसू नका. शेजारची जागा बघा.

कोचशी बोलाल तेव्हा शब्द जपून निवडा. "सर, मला पुढे का खेळवत नाही?" या प्रश्नावर आम्हा मुलांना कधी धड उत्तर मिळालं नाही. "सर, तिथे खेळायचं तर माझ्यात काय कमी पडतंय?" असं विचारलं तेव्हा सर दहा मिनिटं बोलले आणि दुसऱ्या दिवशी सरावात मला वेगळं घेतलं. आईवडिलांनाही विनंती, कडेला उभं राहून "पुढे जा, पुढे जा" ओरडू नका. तुमचं मूल मागे थांबलंय, तर बहुधा त्याला काहीतरी दिसतंय.

हल्ली मी बारा वर्षांखालच्या मुलामुलींना शिकवतो. त्यात एक अकरा वर्षांची मुलगी आहे, फॉर्मवर ठळक अक्षरांत 'स्ट्रायकर' लिहिणारी. गेल्या तीन सामन्यांत मी तिची नोंद ठेवली. बॉल मिळावा म्हणून ती दर वेळी आपल्या गोलकीपरपाशी धावत येते, वळते, आणि मान वर करून कुणाला देता येईल ते बघते. तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. रविवारच्या सामन्यात एक हाफ तिला मिडफिल्डला, अगदी मध्यभागी उतरवणार आहे. तीन प्रश्नांची वही तिला कालच दिली.