जुन्या रेड वाइन शेजारीशेजारी चाखताना

जुन्या रेड वाइनची तुलना करताना दोन गोष्टी घोळ घालतात: तळाचा गाळ आणि लेबल. गाळ ढवळला की घोट कडवट लागतो आणि दोष वाइनच्या माथी जातो.

१. बाटल्या किमान आदल्या दिवशी उभ्या करून ठेवा.

२. वाइन आधी एका स्वच्छ जगमध्ये ओतून घ्या. ओतताना बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा. हलक्या हाताने, एका दमात ओता. मध्येच बाटली सरळ केली की गाळ पुन्हा उसळतो. खांद्यापाशी काळसर धुरासारखी रेघ सरकताना दिसली की थांबा. उरलेले दोन घोट सोडून द्या, जीव तुटला तरी.

३. ग्लास एकसारखे, प्रत्येकात ५० मिली, तापमान १६ ते १८ अंश. लेबलमुळे मत आधीच बनू नये म्हणून प्रत्येक बाटलीला एक आकडा द्या, ग्लासच्या बुडाला त्या आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावा आणि दुसऱ्या कुणाला तरी जागा बदलायला सांगा. नोंद लिहून होईपर्यंत बूड पाहायचं नाही. (मी एकदा पाहिलं, मग सगळ्या नोंदी त्याच बाजूला झुकल्या.)

४. आधी सगळ्यांचा नुसता वास घ्या, मग घोट. २० मिनिटांनी पुन्हा एक फेरी. आवडीचा क्रम बऱ्याचदा बदलतो.

फक्त फार जुनी वाइन तासन्‌तास उघडी ठेवू नका, तिचा नाजूक वास उडून जातो.