लहान मुलं, एलियन आणि रात्रीचे दहा

सायफायच्या सेटवर काम करायचंय म्हणणारे बरेच जण मला विचारतात, आणि सगळ्यांचे प्रश्न व्हीएफएक्सचेच, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या दृश्यांचे. लहान मुलांबरोबर काम कसं करायचं हे कोणीच विचारत नाही. लॉस एंजेलिसला फिल्म स्कूलला होते तेव्हा मीही विचारलं नव्हतं, म्हणूनच एका स्टुडंट फिल्मवर सेकंड एडी, म्हणजे दिग्दर्शकाची दुसरी सहाय्यक, म्हणून उभी राहिले आणि तोंडावर आपटले. गोष्ट साधीच होती, चार मुलं, घरामागे उतरलेलं यान, आणि सगळं रात्री.

सगळं रात्री, इथेच माशी शिंकली. कॅलिफोर्नियात दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर मुलांना रात्री १० नंतर कामावर ठेवता येत नाही, सुट्टी असेल तर साडेबारापर्यंत. आम्हाला लोकेशन मिळालं मे महिन्यात आणि तेही सोमवार ते गुरुवार. सूर्य मावळतो आठच्या जरा आधी, नीट काळोख व्हायला साडेआठ, म्हणजे हातात जेमतेम दीड तास. वर ९ ते १६ वयाच्या मुलाला सेटवर ठेवायचं ९ तास, त्यात प्रत्यक्ष काम फक्त ५ तास, बाकी ३ तास अभ्यास आणि १ तास विश्रांती. मी कॉल शीट, म्हणजे कोणी कधी सेटवर यायचं त्याचं वेळापत्रक, मोठ्या माणसांच्या हिशोबाने बनवलेली.

सेटवर स्टुडिओ टीचर असतात, त्या फक्त गणित शिकवायला येतात असा माझा समज होता, मुलांची वेळ पाळायचं कामही त्यांचंच हे माहीत नव्हतं. पहिल्या रात्री ९:५२ ला डॉली ट्रॅक, म्हणजे कॅमेरा सरकवायचे रूळ, टाकून झाला, डीओपी (मुख्य कॅमेरामन) म्हणतोय एकच टेक, आणि बाई शांतपणे मुलांची जॅकेटं गोळा करायला लागल्या. आरडाओरडा नाही, वाद नाही. दहाला मुलं गाडीत होती आणि आम्ही रिकाम्या अंगणाकडे बघत उभे.

दुसऱ्या दिवशी सगळं उलटं केलं. काळोख पडला की आधी मुलांचे क्लोजअप, दहानंतर यानाच्या बाजूचे शॉट, आणि मुलं पाठमोरी हवी असतील तिथे विग घातलेली आमच्यातलीच एक बुटकी मुलगी. घरातले रात्रीचे सीन खिडक्यांना काळं कापड मारून भर दुपारी काढले. हे डोकं आधी चालवलं असतं तर एक रात्र वाचली असती.

परमिटचंही बघून ठेवा. मुलाचं वर्क परमिट लागतं, आई किंवा बाबा जवळपास लागतात, आणि पगारी काम असेल तर कूगन कायद्याप्रमाणे (बालकलाकारांची कमाई जपणारा कायदा) कमाईतले १५ टक्के मुलाच्या नावावर वेगळे ठेवावे लागतात. काम प्रॉडक्शनचं असलं तरी कॉप्या आपल्या फाइलला हव्यातच.

अभ्यासासाठी १९८२ चा 'ई.टी.' आवाज बंद करून बघा, खरंच सांगते. कॅमेरा मुलांच्या उंचीवर आहे, आणि बराच वेळ आई सोडली तर मोठ्यांचे चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत, दिसतात त्या कमरेला लटकणाऱ्या किल्ल्या. स्पीलबर्गने तो बराचसा गोष्टीच्या क्रमाने शूट केला, म्हणजे निरोपाचा सीन मुलांच्या वाट्याला शेवटीच आला. शेड्यूल बनवणाऱ्याला विचारा हे किती महाग पडतं, त्याच लोकेशनवर परत परत जावं लागतं. आम्हाला तेवढं परवडणार नव्हतं म्हणून फक्त पहिली भेट आणि निरोप एवढेच दोन सीन क्रमाने ठेवले.

मग २०११ चा 'सुपर ८'. जोएल कोर्टनी आणि रायली ग्रिफिथ्स दोघांचा पहिलाच सिनेमा, समोर एल फॅनिंग मात्र मुरलेली. त्यात मुलं स्वतःच एक फिल्म बनवत असतात, रेल्वे स्टेशनवर ती त्या फिल्मची नुसती रिहर्सल म्हणून संवाद बोलते आणि पोरं आ वासून बघत राहतात, तो सीन पाच-सहा वेळा बघा. कास्टिंग करताना एक अनुभवी पोर आणि बाकी नवी घ्यायची आयडिया मी तिथूनच उचलली.

एलियन सेटवर नसतोच, त्याच्या जागी मुलांनी बघायला असतो काठीवरचा टेनिस बॉल. आमच्यातल्या कोणीतरी त्याला मिशी काढली आणि आमच्या नऊ वर्षांच्या हिरोला काही केल्या हसू आवरेना. शेवटी बॉल फेकला, मीच शिडीवर चढले आणि त्याला म्हटलं माझी बोटं मोजत राहा, पण मनात. मी एकेक बोट मिटत-उघडत होते आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ना, ते 'आता आश्चर्यचकित हो' सांगून आयुष्यात आलं नसतं.

त्याच पहिल्या भेटीचा एक क्लोजअप राहिला होता. दुसऱ्या आठवड्यात पोरगा सेटवर आला तो पुढचा दात पाडून, आणि दाखवायला इतका खूश की काय बोलणार. मोठ्या सिनेमांत खोटा दात बसवतात, आमच्याकडे लाइटचं भाडं द्यायलाच पैसे नव्हते. म्हणून त्या क्लोजअपमध्ये तो ओठ घट्ट मिटून यानाकडे बघतोय. स्क्रीनिंगनंतर दोघातिघांनी येऊन सांगितलं, काय संयत अभिनय केलाय मुलाने.