फ्रेंडशिप पीक: बर्फ आणि नाले कसे ओळखायचे

मे महिन्यात नागपुरात पारा 45 ला टेकतो, तेव्हा आमची पोरं मनालीकडे निघतात. तिथलं फ्रेंडशिप पीक हे शिखर 5,289 मीटर उंच, आपलं शहर जेमतेम 310. म्हणून चढाई जिथून सुरू होते त्या सोलांगला पोचल्या पोचल्या वर पळू नका, शरीराला सवय होऊ द्या.

बर्फाचं सगळं गणित रात्रीच्या आभाळावर. चांदण्या दिसल्या की बर्फ कडक गोठतो, क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे काटे, करकर वाजत बसतात. ढग असले तर ऊब अडकते आणि बर्फ भुसभुशीतच राहतो. मी तंबूबाहेर येऊन आधी बुटाची टाच मारून बघते. नुसती खूण उमटली तर चला. पाय घोट्याच्या वर रुतला, तर मी त्या दिवशी चढत नाही. मध्यरात्री निघायचं, ऊन तापायच्या आत उतरणीला लागायचं.

नाले सकाळीच ओलांडा. तेव्हा पोटरीला लागणारं पाणी दुपारी मांडीपर्यंत चढतं, कारण उन्हानं वितळलेला बर्फ तोवर खाली येतो. पाणी गढूळ झालं, तळातून दगड गडगडायला लागले, की काठावरच थांबा. सॅकचा कमरपट्टा आधीच सोडून ठेवा, पडलात तर ती लगेच टाकता येते. बूट मात्र काढू नका रे पोरांनो!