ब्राझीलची जर्सी: जुनी कुठली, नवी कुठली, कशी ओळखायची

परवा मंगळवार पेठेतला एक पोरगा दुकानात आला. हातात पिवळी जर्सी, पाठीवर हिरवा दहा नंबर. "काका, सत्तरची हाय. पेलेच्या वेळची. फ्रेम करून द्या." मी जर्सी उलटीसुद्धा केली नाही. छातीवरचा लोगो बघितला आणि परत त्याच्यापुढं सरकवली. लोगोत अक्षरं सीबीएफ, म्हणजे ब्राझीलची फुटबॉल संघटना, वर पाच स्टार. म्हटलं, "भावा, सत्तरला ही संघटनाच नव्हती की."

गेली २६ वर्षं मी तालमींच्या फुटबॉल टीमच्या जर्सीचे सेट शिवतो आणि नंबर छापतो. वर्ल्डकप आला की आमच्या कोल्हापुरात निम्मी गल्ली ब्राझील आणि निम्मी अर्जेंटिना, हे काही नवीन सांगायला नको. तेव्हा लोक कपाटातल्या जर्स्या घेऊन येतात आणि विचारतात, ह्यातली जुनी कुठली, नवी कुठली? ते बघायची माझी पद्धत सांगतो. बहुतेक जण आधी रंग बघतात. रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

पहिल्यांदा लोगोतली अक्षरं वाचा. ब्राझीलची जुनी संघटना सीबीडी. १९७९ला तिच्यातून फुटबॉलचा कारभार वेगळा काढून सीबीएफ झाली. म्हणजे १९५८, ६२, ७० आणि ७८च्या वर्ल्डकपच्या जर्सीवर सीबीडीच पाहिजे. सीबीएफ असेल तर ती मागाहून काढलेली रेट्रो. रेट्रो वाईट नसते, पण ती रेट्रोच्या भावात घ्यावी. १९८२च्या लोगोत एक गंमत आहे. ढालीत ज्यूल रिमे कप, म्हणजे जुना वर्ल्डकप, आणि कॉफीची फांदी दिसते. तीन वेळा जिंकल्यावर तो कप कायमचा ब्राझीलकडं आला होता. डिसेंबर १९८३मध्ये रिओतल्या संघटनेच्या ऑफिसातून चोरीला गेला, तो आजतागायत सापडला नाही.

मग स्टार मोजा. एक वर्ल्डकप, एक स्टार. पण जिंकतानाच्या जर्सीवर त्या कपचा स्टार कधीच नसतो, तो नंतर चढतो. १९९४ला पासाडेनाला इटलीविरुद्ध पेनल्टीवर जिंकले, तेव्हा छातीवर तीन स्टार होते. २००२ला योकोहामात रोनाल्डोनं जर्मनीला दोन गोल घातले, तेव्हा चार होते. मी स्वतः ह्यात फसलोय. २००२ला फायनलनंतर आठवड्याभरात पाच स्टारवाली जर्सी मिळवली आणि 'फायनलची जर्सी' म्हणून कट्ट्यावर मिरवली. पुढं एका मित्राकडं मॅचची रेकॉर्डिंग लागली. त्यानं टीव्ही थांबवला आणि नुसतं बोट दाखवलं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

त्याच रेकॉर्डिंगमध्ये ब्राझीलचा एडमिल्सन जर्सी बदलताना दिसतो. डोकं घालायचं भोक कुठलं आणि हात घालायचं कुठलं, तेच त्याला कळेना. कारण २००२ची नाइकीची जर्सी दोन थरांची होती, आत जाळीचा एक आणि वर दुसरा. २००२ची म्हणून कुणी खेळाडूची जर्सी दाखवली, तर पहिलं काम म्हणजे खालून हात आत घालून थर मोजा. एकच थर निघाला तर ती दुकानात प्रेक्षकांसाठी विकलेली, नाहीतर नक्कल.

कंपनीवरूनही काळ पटकन कळतो. १९७८ला आदिदास. १९८२, ८६ आणि ९०ला टॉपर, ही ब्राझीलमधलीच कंपनी. १९९४ला अम्ब्रो. १९९८पासून आजपर्यंतच्या सगळ्या वर्ल्डकपला नाइकी. झिको ऐंशीच्या दशकातला खेळाडू, त्याच्या नावाची नाइकीची जर्सी बघितली की मला हसू येतं, पण विकणाऱ्याला काही वाटत नाही. नावावरूनही एक खूण सांगतो. वर्ल्डकपमध्ये पाठीवर नावं १९९४पासून आली. त्याआधीच्या वर्ल्डकपची म्हणून दिलेल्या जर्सीवर नाव असेल तर पुढं बघूच नका.

१९९४ची अम्ब्रोची जर्सी मात्र उजेडात तिरकी धरून बघण्यासारखी. पुढच्या बाजूला कापडातच लोगोचे मोठे ठसे विणलेले आहेत, पिवळ्यावर पिवळे. नक्कल करणारे ते वरून छापतात. नखानं हळू घासा. छापील असेल तर कडा लागते, विणलेलं असेल तर काही लागत नाही.

आता कापड, हा माझा प्रांत. सत्तरची जर्सी सुती, हिरवा गोल गळा, बाहीला हिरवी पट्टी. सुती जुनी झाली की गळ्यापाशी सैल पडते आणि बगलेत रंग उतरतो. पॉलिस्टर पिवळं पडत नाही, आधीच पिवळं आहे म्हणा, पण त्याला धागे सुटतात आणि अंगावर चमक राहते. शंका असेल तर आतल्या दुमडीतून कापडाचाच एक धागा काढून चिमट्यानं ज्योतीला धरा. शिलाईचा धागा नको, सुती कपड्यालाही पॉलिस्टरचा दोरा असू शकतो. सूत कागदासारखं जळून राख होतं. पॉलिस्टर आकसून कडक मणी होतो. हे दुसऱ्याच्या जर्सीवर न विचारता करू नका. २०१०ला नाइकीनं प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून कापड केलं, एका जर्सीला आठपर्यंत बाटल्या.

नव्या जर्सीत एक गैरसमज फार आहे. लोगो शिवलेला म्हणजे ओरिजिनल आणि चिकटवलेला म्हणजे डुप्लिकेट, असं पोरं धरून चालतात. आजकाल उलटं आहे. मैदानावरच्या जर्सीचा लोगो वजन कमी ठेवायला उष्णतेनं चिकटवतात. शिवलेला लोगो प्रेक्षकांसाठीच्या जर्सीवर असतो. दोन्ही अस्सलच, पण जाती वेगळ्या. तुलना करताना एका जातीची दुसरीशी लावू नका.

साइजच्या लेबलवर तर अजिबात विसंबू नका. नव्वदीच्या जर्स्या ढगळ, आताच्या अंगाला चिकटलेल्या. दोन्ही टेबलावर सपाट पसरा, बगलेपासून बगलेपर्यंत टेप लावा, मग खांद्यापासून खालच्या काठापर्यंत. दोन आकडे कागदावर लिहा. भांडण तिथंच मिटतं.

राहिला रंग. ट्यूबलाइटखाली नको, सकाळच्या उजेडात दारात जर्सी धरा आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. फोटो काढलात तर कागद फोटोत आला पाहिजे. तरीही रंगावरून साल सांगू नका. २०१८ला नाइकीनं मुद्दाम सत्तरच्या पिवळ्याकडं नजर ठेवून रंग काढला होता. मग काय सांगणार डोळ्यानं?

हा पिवळा काही पहिल्यापासून नव्हता. १९५०च्या वर्ल्डकपला रिओच्या माराकाना स्टेडियमवर उरुग्वेकडून हरले तेव्हा ब्राझील पांढऱ्यात होतं, गळा निळा. पांढरा अपशकुनी ठरला. १९५३ला रिओच्या 'कोरेयो दा मान्या' दैनिकानं स्पर्धा लावली. अट एकच, झेंड्यातले चारही रंग यायला हवेत. जिंकला अल्दिर गार्सिया श्ली, उरुग्वेच्या सीमेवरचा १९ वर्षांचा पोरगा, आणि मनातून तो उरुग्वेवालाच. म्हणून पांढरी ब्राझील जर्सी हातात आली तर आधी कंपनी बघा. नाइकी असेल तर बहुधा २०१९च्या कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची. तेव्हा त्याच स्पर्धेच्या १९१९च्या विजेतेपदाला शंभर वर्षं झाली म्हणून पांढरा परत घातला होता.

निळ्या जर्सीची गोष्ट माझ्या धंद्यातली. १९५८ची फायनल स्वीडनशी आणि स्वीडनचा रंगही पिवळा. ब्राझीलकडं दुसरा सेट नव्हता. स्टॉकहोममध्ये निळ्या जर्स्या विकत घेतल्या आणि पिवळ्यांवरचे लोगो आणि नंबर उसवून त्यांच्यावर शिवले. मॅच ५-२ जिंकली. फायनलच्या आदल्या रात्री अकरा नंबर पुन्हा छापून द्या म्हणणारे आमचे तालीमवाले आठवले की वाटतं, तो शिवणारा कोण असेल त्याला एकदा चहा पाजावा.

तर तो पोरगा. फ्रेमचा नाद सोडला आणि तिथंच जर्सी अंगात घातली. बगलेत घट्ट. "एल हाय काका." टेप लावली, १९ इंच. बगलेत दोन्ही बाजूंनी हिरव्या कापडाची पट्टी घालून दिली. शिलाई ८० रुपये घेतली. रविवारी शाहू स्टेडियमवर त्याच जर्सीत होता, पाच स्टार मिरवत.