रोलर कोस्टरची मोजणी: कोणती राइड धरावी, कोणती सोडावी

ज्यांना रोलर कोस्टरचा नाद लागतो, ते आज ना उद्या एक यादी ठेवू लागतात. आयुष्यात आपण किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो, याची ती मोजणी असते; एकाच कोस्टरवर दिवसभरात दहा फेऱ्या मारल्या तरी आकडा एकानेच वाढतो, आणि त्या वाढीला चाहत्यांमध्ये क्रेडिट म्हणतात. ठाणे किंवा नवी मुंबईत राहणाऱ्याची यादी बहुधा खोपोलीजवळच्या इमॅजिकापासून सुरू होते आणि थोड्या मोठ्या वयाच्या माणसाची गोराईच्या एस्सेल वर्ल्डपासून. सुरुवातीच्या नोंदींबद्दल वाद होत नाही, कारण पायाखाली तळ नसलेला आणि प्रवाशाला उलटापालटा करणारा इमॅजिकातला नायट्रो हा कोस्टर आहे का, असे कोणी विचारत नाही. खरी पंचाईत होते ती सुट्टीत घोडबंदर रस्त्यालगतच्या मैदानावर मेळा लागतो आणि त्यात आकाशपाळण्याशेजारी लहान मुलांची ड्रॅगन ट्रेन फिरताना दिसते तेव्हा.

कोणाच्या वैयक्तिक यादीत काय असावे, हे शेवटी ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. अमेरिकेतली चाहत्यांची संघटना १९७८ पासून कार्यरत आहे, जगभरच्या कोस्टरची माहिती देणारा रोलर कोस्टर डेटाबेस १९९६ पासून उपलब्ध आहे आणि राइडचे नाव, वर्ष, बनावट किंवा स्थलांतर तपासण्यासाठी त्याचा फार उपयोग होतो. पण तिथे एखादी राइड सापडली म्हणून ती आपल्या यादीत आलीच पाहिजे असे नाही. एक मात्र आवश्यक आहे. नियम राइडवर बसण्याआधी लिहून ठेवावा. बसून झाल्यावर केलेला नियम नेहमी आकडा वाढवण्याच्याच बाजूने झुकतो.

माझ्या मते नियमाला दोन अटी पुरतात. पहिली अट अशी की, प्रवासी ज्या गाडीत बसतो ती ठरावीक मार्गाला बांधलेली असावी आणि त्या मार्गावरून तिने खरोखर प्रवास करावा. दुसरी अट अशी की, घाट उतरताना सायकलस्वार पायडल मारणे थांबवतो आणि सायकल आपल्या वेगाने जात राहते, त्याप्रमाणे गाडीने मार्गाचा बराचसा भाग उंचीतून किंवा सुरुवातीच्या धक्क्यातून मिळालेल्या गतीवरच पार करावा. इमॅजिकातल्या काही धाडसी राइड्स या अटींवर लगेच बाद होतात. डेअर ड्रॉप सरळ वर नेऊन सरळ खाली सोडते, तिथे प्रवास होत नाही. स्क्रीम मशीन एका आसाभोवती झुलते, आणि मेळ्यातल्या कोलंबस नावाच्या झुलत्या जहाजालाही हेच लागू पडते. हलत्या खुर्च्यांचे सिम्युलेटर जागचे हलत नाहीत. नेरुळच्या वंडर्स पार्कमधली किंवा अन्य कोणत्याही उद्यानातली छोटी आगगाडी इंजिनाच्या जोरावर चालते, त्यामुळे तिचाही प्रश्न उद्भवत नाही. माथेरानच्या गाडीत वळणे कितीही असली तरी तिला यादीत घालण्याचा मोह आवरावा.

सर्वांत जास्त वाद मोटरवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल होतो, आणि आपल्याकडच्या मेळ्यांमुळे हा वाद आपल्याला फारसा टाळता येत नाही. ड्रॅगन ट्रेन दिसायला सगळीकडे सारखीच असते: पुढे जबडा उघडलेले तोंड, मागे चार-सहा डबे, लंबगोल मार्ग आणि एक-दोन उंचवटे. पण तिच्या चालण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार असतात. एका प्रकारात मोटर गाडीतच बसवलेली असते. रुळालगत विजेची पट्टी सबंध मार्गभर गेलेली असते आणि गाडीखालचा एक तुकडा तिला घासत पुढे जातो. दुसऱ्या प्रकारात मोटर जमिनीवर असते. मार्गाच्या एखाद्या खालच्या टप्प्यात रुळांमध्ये फिरणारी रबरी चाके गाडीला ढकलून उंचवट्यावर पोहोचवतात, किंवा एखादी साखळी तिला टकटक आवाज करत वर ओढते, आणि तिथून पुढे गाडी आपली आपण येते. माझ्या नियमाप्रमाणे दुसरा प्रकार कोस्टर आहे आणि पहिला नाही, मग रंगरंगोटी कितीही सारखी असो.

हा फरक ओळखण्यासाठी तिकीट काढण्याआधी बाहेर उभे राहून एक पूर्ण फेरी पाहावी. गाडी चढावर आणि उतारावर जवळजवळ सारख्याच वेगाने जात असेल, तिची घरघर सबंध फेरीत एकसारखी ऐकू येत असेल, आणि चालवणारा माणूस फेरीच्या मध्येच तिचा वेग कमीजास्त करू शकत असेल, तर मोटर गाडीत आहे असे समजावे. उलट चढावर ती रेंगाळत असेल आणि माथा ओलांडल्यावर तिचा वेग वाढत जात असेल, तर ती गुरुत्वाकर्षणावर चालते. तरीही शंका उरली तर मनाशी असा विचार करावा की, गाडी माथ्यावरून नुकतीच पुढे गेली आहे आणि त्याच क्षणी मेळ्याचा जनरेटर बंद पडला. आता तिला उरलेला मार्ग पुरा करता येईल का? येत असेल तर ती यादीत घ्यावी. इमॅजिकातली गोल्ड रश एक्स्प्रेस ही सहकुटुंब बसण्याची राइड याच पद्धतीने फलाटाबाहेरून तपासून पाहण्यासारखी आहे, कारण खाणीतल्या आगगाडीचा देखावा असलेल्या राइड्स जगभर दोन्ही प्रकारांत बनतात.

युरोपातले अनेक चाहते मोटरवरच्या गाड्याही मोजतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. जर्मनीतल्या युरोपा पार्कमध्ये १९८४ पासून चालणारी आल्पेनएक्स्प्रेस मोटरवर चालते, पण वळणे, वेग आणि बसण्याचा अनुभव या बाबतींत ती कित्येक लहान कोस्टरपेक्षा सरस आहे. अशा राइड्स पूर्णपणे फेकून देण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवावा आणि मुख्य आकड्यात त्या मिळवू नयेत, असे मला वाटते.

मोटर नको म्हटल्यावर साहजिकच असा आक्षेप येतो की, मग यंत्राने वेगात फेकल्या जाणाऱ्या कोस्टरचे काय करायचे. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधला फॉर्म्युला रोसा २०१० मध्ये सुरू झाला आणि तो गाडीला ताशी २४० किलोमीटर वेग देतो, तोही कोणत्याही मोठ्या चढणीशिवाय. तरी तो निःसंशय मोजावा, कारण ती ढकलशक्ती मार्गाच्या आरंभीच्या तुकड्यापुरती असते आणि पुढचा सारा प्रवास त्या मिळालेल्या वेगावर होतो. साखळी हळूहळू उंची देते, फेकणारे यंत्र क्षणात वेग देते. दोन्हींत यंत्राचे काम संपल्यावरच खरी राइड सुरू होते.

पाण्याच्या राइड्समध्ये थोडे बारकाईने पाहावे लागते. इमॅजिकातल्या राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचरमध्ये होडी पाण्याच्या कालव्यातून जाते आणि शेवटी घसरून खाली येते. ती मोजू नये. युरोपा पार्कमध्ये २००० मध्ये सुरू झालेल्या पोसायडनमध्ये मात्र होड्यांना चाके आहेत आणि त्या कोरड्या रुळांवरून वळणे घेत पाण्यात उतरतात, त्यामुळे ती मोजावी. एखाद्या होडीच्या शेवटच्या घसरणीखाली रूळ दिसले एवढ्यावरून निर्णय घेऊ नये. रुळांचा टप्पा स्वतंत्र आहे का, त्यात स्वतःचे चढउतार किंवा वळणे आहेत का, हे पाहावे. वॉटर पार्कमधल्या हवा भरलेल्या ट्यूबच्या घसरगुंड्यांना, त्यांत पाण्याचे फवारे ट्यूबला वर ढकलत असले तरीही, यादीत जागा नाही. त्यांच्या पाटीवर कोस्टर असे लिहिलेले असू शकते. पाटी लिहिणाऱ्याला तिकिटे विकायची असतात.

रूळ असलेच पाहिजेत असे मात्र नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल येथे १९८८ पासून असलेल्या ॲव्हलांचमध्ये चाकांची गाडी रुळांशिवाय, अर्धगोल पन्हळीतून घरंगळत जाते, आणि तरी तिला कोस्टर न मानणारा चाहता विरळाच. डोंगरउतारावरच्या आल्पाइन कोस्टरमध्ये नळ्यांच्या रुळांवरून एक-दोघांची छोटी गाडी उतरते आणि ब्रेक प्रवाशाच्याच हातात असतो. केवळ या ब्रेकमुळे काहीजण ती नाकारतात. मला हा आक्षेप पटत नाही, कारण मेलबर्नच्या लूना पार्कमधल्या १९१२ सालच्या सीनिक रेल्वेवर आजही गाडीत उभा राहून ब्रेक लावणारा माणूस असतो, आणि तिला जुन्या कोस्टरांतला मानाचा नमुना समजतात. उघड्या पन्हळीतून सुट्या घसरगाडीने उतरण्याचा प्रकार वेगळा आहे. बेफिकीर माणूस त्यातून बाहेर फेकला जाऊ शकतो, म्हणजे मार्गाने त्याला बांधलेले नाही. तो प्रकार सोडून द्यावा.

राइड कोस्टर आहे हे ठरल्यावरही ती एक धरायची की दोन, हा प्रश्न उरतो. सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये बॅटलस्टार गॅलेक्टिका नावाच्या राइडच्या ह्यूमन आणि सायलॉन अशा दोन बाजू आहेत. एकीत प्रवासी रुळावर बसतो, दुसरीत रुळाखाली लटकतो, आणि दोन्हींचे मार्ग पूर्णपणे स्वतंत्र आहेत. ती दोन क्रेडिट आहेत आणि एकाच बाजूला बसलेल्याने दोन लिहू नयेत. ब्लॅकपूलच्या १९३५ सालच्या ग्रँड नॅशनलमध्ये दोन गाड्यांची शर्यत लागते, पण रूळ मुळात एकच सलग आहे. डाव्या फलाटावरून निघालेली गाडी उजव्या फलाटावर परत येते. ते एकच क्रेडिट होय. थोडक्यात, फलाट किंवा गाड्या न मोजता स्वतंत्र बंदिस्त मार्ग मोजावेत. कॅलिफोर्नियातल्या १९७८ सालच्या कोलोससला असे दोन मार्ग होते. २०१५ मध्ये त्याचे ट्विस्टेड कोलोसस झाले तेव्हा दोन्ही जोडून एक मार्ग करण्यात आला. ज्याने जुन्याच्या दोन्ही बाजू आणि मग नवा असे सगळे केले असेल, त्याच्या यादीत तीन नोंदी होतील.

ट्विस्टेड कोलोसस ही नवी नोंद का, तर रूळच बदलले म्हणून. अमेरिकेतल्या सीडर पॉइंटमधला मीन स्ट्रीक हा लाकडी कोस्टर २०१६ मध्ये बंद झाला आणि त्याच्या सांगाड्याचा उपयोग करून पोलादी रुळांचा स्टील व्हेंजन्स २०१८ मध्ये उभा राहिला. ही सरळच वेगळी राइड आहे. पण नवे डबे आले, रंग बदलला, नाव बदलले, काही महिने गाडी उलट्या तोंडाने चालवली, एवढ्याने क्रेडिट वाढत नाही.

जागा बदललेल्या कोस्टरबद्दल मते दुभंगलेली आहेत. यंत्र तेच असेल तर नोंद एकच, असे मी मानतो. जर्मनीतला ऑलिम्पिया लूपिंग हा पाच वर्तुळांचा कोस्टर जत्रेगणिक उतरवून पुन्हा उभा केला जातो, आणि प्रत्येक गावात त्याचे नवे क्रेडिट धरायचे म्हटले तर मोजणीला अर्थ राहणार नाही. हाच न्याय आपल्या मेळ्यांना लावताना अडचण अशी येते की, कळव्यात पाहिलेली आणि पुढच्या वर्षी खारघरमध्ये दिसलेली ड्रॅगन ट्रेन तीच आहे का, हे सहज कळत नाही. डब्यांची संख्या, उंचवट्यांची रचना, तोंडावरचा रंग आणि बाजूला रंगवलेले मालकाचे नाव टिपून ठेवले तर पुढे ओळख पटते. राइड चालवणाऱ्याला विचारले तरी तो आनंदाने सांगतो की मागचा मुक्काम कुठे होता. ती वेगळी असल्याची खात्री पटत नसेल तर दुसऱ्यांदा लिहू नये. उलट, एकाच कारखान्यातून निघालेले हुबेहूब दोन कोस्टर दोन ठिकाणी असतील, तर ते मात्र दोन धरावेत.

गाडी फलाटावरून निघून तुमच्यासह पुन्हा फलाटावर आली, तरच फेरी पुरी झाली असे समजावे. चढणीवर गाडी अडकली आणि कर्मचाऱ्यांनी जिन्याने खाली उतरवले तर क्रेडिट नाही. फेकलेली गाडी माथा न गाठता मागे आली तरीही नाही, परत बसावे. मुलांच्या कोस्टरवर मोठ्यांना परवानगी असेल तर तो निःसंकोच मोजावा. मात्र रांगेत मुले ताटकळत असताना केवळ आकड्यासाठी त्यांची जागा अडवणे शोभत नाही, अशा वेळी गर्दी ओसरेपर्यंत थांबावे.

वहीत किंवा तक्त्यात राइडचे नाव, ठिकाण, तारीख आणि ती मुख्य रकान्यात की मोटरच्या, एवढे लिहिले तरी पुरते. पाडलेल्या किंवा बंद झालेल्या कोस्टरचे क्रेडिट कायम राहते. ज्यांनी गोराईला झिपर डिपर केला होता, त्यांनी तो आता निश्चिंतपणे लिहावा आणि तारीख आठवत नसेल तर नुसते वर्ष टाकावे. अगदी लहानपणी आई-वडिलांच्या मांडीवर बसून केलेल्या, पण स्वतःला मुळीच न आठवणाऱ्या फेरीला फोटोचा आधार असेल तर ती घ्यावी, नसेल तर राहू द्यावी. पुढे कधी नियम बदलावासा वाटला तर तो जरूर बदलावा, पण त्याच दिवशी सबंध यादीला लावावा, मग आकडा खाली आला तरी चालेल. आणि दुसऱ्या चाहत्याला आपला आकडा सांगताना मोटरवरच्या राइड्स त्यात आहेत की नाहीत, हे त्याच वाक्यात सांगावे.